चिठ्ठीत आलेल्या तीन खेळ्या

परभणीत ड्राफ्ट्सचा क्लब काढायला फारसं काही लागत नाही. बुद्धिबळाचा पट कुठेही मिळतो. प्रत्येकी बारा सोंगट्या हव्यात. नसल्या तर दोन रंगांची बुचंही चालतात. शिकवायला बसलं की मात्र हा खेळ पहिल्याच दिवशी प्रारब्धाचा जुना वाद उकरून काढतो.

कारण इथे मारणं सक्तीचं असतं. समोरची सोंगटी उडी मारून घेता येत असेल तर घ्यावीच लागते. नवखा फुकटची सोंगटी बघून हरखतो, उडी मारतो, आणि पुढच्याच खेळीला समोरचा एका दमात त्याच्या दोन सोंगट्या उचलतो. ‘मला मारावंच लागलं!’ ही त्याची तक्रार खरीच असते. जाणता शिक्षक वाद घालत नाही. तो डाव दोन खेळ्या मागे नेतो, सोंगट्या पुन्हा मांडतो आणि विचारतो, ‘इथे तुला कोणी अडवलं होतं?’ वाट्याला आलेलं प्रारब्ध आणि आपण आत्ता करतो ते क्रियमाण यांतला फरक प्रवचनापेक्षा इथे लवकर कळतो: उडी सक्तीची, पण ती ओढवून घेणारी खेळी मोकळी होती.

इथवर कर्मसिद्धान्त मजेत असतो. पण जन्माचं काय?

संत जनाबाई याच जिल्ह्यातल्या, गंगाखेडच्या. संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी त्या दासी म्हणून राहिल्या. त्यांची आधीची कोणती खेळी चुकली होती? ‘पूर्वजन्मीची’ हे उत्तर तयार असतं. पण तो डाव मागे नेऊन दाखवता येत नाही, आणि हे उत्तर बहुतेकदा खालच्यांनाच ऐकवलं गेलं.

न निवडलेल्या सुरुवातीचा हा प्रश्न ड्राफ्ट्सवाल्यांनी निराळ्या वाटेने हाताळला. तरबेजांचे डाव सारखे बरोबरीत सुटत, म्हणून अमेरिकेत १९३४पासून मोठ्या स्पर्धांत पहिल्या तीन खेळ्या चिठ्ठीने ठरू लागल्या. काही चिठ्ठ्या एका बाजूला उघडउघड जड जातात. म्हणून तीच सुरुवात बाजू बदलून दोनदा खेळायची. नशीब राहिलं, पण दोघांच्या वाट्याला सारखंच आलं!

या खेळाचे सम्राट मॅरियन टिन्स्ली गणिताचे प्राध्यापक होते आणि धर्मोपदेशकही. आपली बुद्धी ही देवाची देणगी, असं ते मानत. १९९२ साली लंडनमध्ये त्यांनी ‘चिनूक’ या संगणक प्रणालीला हरवलं. तिचेच कर्ते जोनाथन शेफर यांनी २००७मध्ये सिद्ध केलं, की दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही तर डाव बरोबरीतच सुटतो. नियतिवाद्यांना यात आनंद वाटेल. पण बिनचूक खेळणारा माणूस अजून पटावर बसलेला नाही.

गंगाखेड, सेलू, जिंतूर, कुठेही क्लब निघाला तर चिठ्ठ्यांची घाई करू नका. बाजू बदलून दुसरा डाव मात्र पहिल्या दिवसापासून खेळवा.