जिवाचा घोर

'टेन्शन' हा शब्द आमच्या गावात फार उशिरा आला. त्याआधी लोकांना ताण नव्हता असं नाही, त्याची नावं वेगळी होती. पोरगी सासरी सुखानं नांदत नसली की आईच्या जिवाला घोर लागायचा. गारपिटीत हाताशी आलेला हरभरा झोपला की माणूस धसका घ्यायचा. कर्ता मुलगा गेला की बाप हाय खायचा, आणि हाय खाल्लेला माणूस फार दिवस काढत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. अन्न गोड लागत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, पोटात कालवतंय, छातीवर दगड ठेवल्यागत झालंय. सगळी भाषा शरीराची. मनाचं दुखणं अंगावर निघतं, हे सांगायला आमच्याकडे डॉक्टर यावा लागला नाही.

डॉक्टर आता तेच जरा उलगडून सांगतात. संकट दिसलं की शरीर लढायच्या नाही तर पळायच्या तयारीला लागतं. काळजाचे ठोके वाढतात, रक्तात साखर वाढते, पचन मंदावतं. समोर वाघ आला तर ही तयारी कामाची, कारण घटकाभरात एक तर आपण सुटतो, नाही तर वाघ जेवतो. पण कर्ज, आजारपण, लेकीचं लग्न हे वाघ दारातच बसून राहतात. शरीर महिनोन्महिने कंबर कसून उभं, मग झोप जाते, बीपी वाढतं, माणूस नुसता खेकसत राहतो.

मला प्रश्न पडतो तो याच्या पुढचा. ज्याला घोर लागतो त्याचा तो एकट्याचा असतो का? आणि तो घरच्यांपासून लपवणं, ही माया म्हणायची की अन्याय?

आमच्या नानांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, विहीर खांदली. पन्नास फुटांवर काळा पाषाण लागला. सुरुंग लावून झाले, पाणी काही लागेना. सोसायटीचं कर्ज होतंच, वरून सावकाराचं घेतलं. हे त्यांनी घरात कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. 'बायामाणसांच्या जिवाला कशाला घोर,' असा त्यांचा हिशेब. नियत चांगली होती, याबद्दल मला शंका नाही.

पण घोर काही विहिरीत पडून राहिला नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट अंगणात गेलं. ज्या बैलाला नानांनी कधी आसूड लावला नव्हता, त्याच्या पाठीवर वळ उठले. थोरल्या पोरानं वहीला पैसे मागितले तर 'शिकून कोणता दिवा लावणार हाईस,' म्हणून त्याला शाळेतून काढायची भाषा झाली. काकूला वाटलं, आपलंच काही तरी चुकतंय. तिनं सोमवार धरले, देवाला कौल लावला. पोराला वाटलं, बापाला आपण नकोसे झालोय. दोन वर्षं त्या घरातला जो तो स्वतःला गुन्हेगार समजत होता, आणि गुन्हा काय ते एकालाही माहीत नव्हतं.

मग एक दिवस जप्तीची नोटीस घेऊन माणूस दारात आला. ओट्यावर बसलेले नाना जागचे उठलेसुद्धा नाहीत. काकूनं पोराकडून कागद वाचून घेतला आणि म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय? मला वाटलं माजाच इटाळ झालाय तुमाला." गळ्यातली बोरमाळ काढून तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवली. तेवढ्यानं कर्ज फिटलं नाही. पण त्या रात्री नाना कितीक दिवसांनी ढाराढूर झोपले, असं काकू पुढं आयुष्यभर सांगायची. सांगताना हसायची, पण बोरमाळेचं नाव निघालं की गप्प व्हायची.

नानांनी मुद्दल लपवलं खरं, व्याज मात्र घरादारानं भरलं.

आता याच्या उलट आमची आजी. १९७२ च्या दुष्काळात मी आठेक वर्षांचा होतो. गावातली सगळी माणसं खडी फोडायला, सुकडी खाऊन दिवस काढायचे, घरात लाल मिलोची भाकरी. आजी आठवड्यातून तीन-तीनदा म्हणायची, "आज माजा उपास हाय." आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारीचे देव तरी किती! तिनं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही, आवाज चढवला नाही, कुणावर डाफरली नाही. तिच्या खोटेपणानं आमच्या ताटात भाकरी पडत होती. म्हणून लपवणं तेवढं वाईट, असं मला सरसकट म्हणवत नाही. नानांचं लपवणं दुसऱ्याच्या अंगावर निघालं, आजीचं तिच्या एकटीच्या. खडीवर ती दोनदा भोवळ येऊन पडली. आम्हाला ठाऊक असतं तर आम्ही अर्धी भाकरी तिच्याकडं सरकवली असती का? आठ वर्षांच्या भुकेल्या पोराबद्दल असं छातीठोक काही सांगता येत नाही.

पण आजीला जातं होतं, हेही विसरून चालणार नाही. दिवसभर जे बोलायची सोय नव्हती ते ती पहाटे दगडाला सांगायची. घरातले सगळे गोधडीत पडून ऐकायचे आणि कुणाला राग धरता यायचा नाही, कारण ती ओवी होती. सीतेचा वनवास गायचा आणि त्यात आपलाही ओवून टाकायचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. लाख! एवढं बोलायचं साठलेलं होतं. पुढं पिठाची गिरणी आली. जातं सुटलं ते बरंच झालं, दळून दळून बायांचे खांदे कामातून गेले होते. फक्त त्याबरोबर ती पहाटेची घटकाही गेली.

पुरुषांना मोटेवरची गाणी होती, ती इंजिनानं नेली. राहिलं भजन. तुकोबांच्या काळातही मोठा दुष्काळ पडला, त्यांची पहिली बायको त्यात अन्नावाचून गेली, दुकानदारी बुडाली. हे सगळं त्यांनी अभंगात उघड्यावर मांडलं, पांडुरंगाशी भांडून घेतलं. आमचा माळकरी दर एकादशीला तेच अभंग डोळे मिटून म्हणतो, तेवढ्यापुरता मोकळा होतो, आणि पार उतरून घरी आला की बायकोला सांगतो, "काय न्हाई, बरंय."

नानांच्या त्या थोरल्याला मी एकदा सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचायला दिली. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, पण मी दिली ती दुसऱ्याच कारणानं. शिकून बिनानोकरीचा राहिलेला एकनाथ, त्याचे आई-बाप, भाऊ, बायको, सगळे एकमेकांवर तुटून पडतात. भांडण घरातलं दिसतं, पण त्याची मुळं पावसात, बाजारात आणि कर्जात असतात. पंधरा दिवसांनी पुस्तक आलंच नाही. विचारलं तर म्हणाला, "बायको वाचतीया. मला जे सांगता येईना ते तिला त्यातच घावंल."

त्याचा मुलगा आता शेती बघतो. गेल्या दोन हंगामांत सोयाबीननं मार दिलाय. शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या मनाची विचारपूस करायचं काम आशाताईंकडे आलंय. मध्ये मी तिथं गेलो होतो तेव्हा ती आलेली. गावातलीच सून, त्यामुळे दोघांनाही अवघडल्यासारखं झालेलं. तिनं कागदावर बघत विचारलं, "भाऊ, झोप लागते का?"

"लागती की."

"जेवण?"

"जातं दोन टाइम."

उंबऱ्याच्या आत त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "झोपेचं खोटं हाय, ताई."

आशाताईनं लिहिलेलं खोडलं आणि पिशवी खाली ठेवून ती ओट्यावर नीट मांडी घालून बसली.