निजलेलें लेकरूं आणि जागे आईबाप

आधार : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ५, वचनें २१ ते ४३



याईर हा सभास्थानाचा अधिकारी, गांवांतील मानाचा मनुष्य. तरी लेक मरणाच्या दारीं पोहोंचली तेव्हां त्यानें आपला मान बाजूस ठेविला आणि तो प्रभूच्या पायांशीं आला. ही कथा आपण पुष्कळदां ऐकिली आहे. आज ती एका विशेष प्रसंगासाठीं वाचूं या. वणी, मारेगांव, झरी व पांढरकवडा या बाजूच्या एखाद्या घरीं डॉक्टरांचा निरोप येतो कीं, मुलाला गुंगी देऊन तपासावें लागेल, किंवा भूल देऊन लहानशी शस्त्रक्रिया करावी लागेल. आणि त्या रात्रीं आईबापांच्या डोळ्यास डोळा लागत नाहीं. सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाड्यांत व शाळांत मुलें तपासीत आलीं आहेत. फाटलेला ओठ, वांकडें पाऊल, हृदयांतील छिद्र, डोळ्यांतील मोतीबिंदु, हीं पूर्वीं दैवावर सोडलेलीं व्यंगें आतां लहान वयांतच उघडकीस येतात. म्हणून हा प्रसंग पुष्कळ घरांवर येणार. त्याची तयारी म्हणजे काय? माझें सांगणें एकच आहे : या तयारीचें मूळ सत्य हें आहे. लेकराशीं खरें बोलणें, डॉक्टरांशीं खरें बोलणें, आणि देवासमोर खरेपणानें उभें राहणें.

परंतु कोणी प्रथमच विचारील, देवानें दिलेली शुद्ध माणसानें औषधानें कां हरण करावी? हा प्रश्न नवा नाहीं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका रोग्यास इथरची वाफ हुंगविली, आणि वेदनेवांचून शस्त्रक्रिया होऊं शकते हें सर्वांसमक्ष दिसून आलें. पुढच्या वर्षीं, ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्रीं, एडिंबर्ग येथील डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनीं क्लोरोफॉर्म स्वतः हुंगून पाहिलें. कांहीं लोकांनीं धर्माच्या नांवानें आक्षेप घेतला, तेव्हां सिम्पसन यांनीं उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखविलें : आदामाची फांसळी काढण्यापूर्वीं परमेश्वरानें त्यास गाढ झोंप आणिली होती. हे सिम्पसन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे सभासद होते. त्याच चर्चनें पाठविलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं आपल्या नागपुरास आले होते. तेव्हां दुःख हलकें करणारें औषध हें विश्वासाचें वैरी नव्हे, हें आपल्या वडिलांच्या वडिलांच्या काळींच सांगून झालें आहे.

मात्र जो झोंप देतो त्यानें स्वतः जागें राहिलें पाहिजे. १८८८ व १८८९ सालीं हैदराबादेंत निजाम सरकारच्या खर्चानें क्लोरोफॉर्मची परीक्षा करण्यास दोन आयोग बसले. रोग्याच्या श्वासावर डोळा ठेवा, हा त्यांचा मुख्य बोध होता. हृदयाकडेही तितकेंच लक्ष हवें, हें पुढें अधिक स्पष्ट झालें. क्लोरोफॉर्म आतां वापरांतून गेलें, पण तो बोध राहिला. आज भूलतज्ज्ञ मुलाजवळ उभे राहून त्याचा श्वास व नाडी पाहतात, आणि बोटाला लावलेला लहानसा चिमटा रक्तांत प्राणवायू किती आहे तें दाखवितो. म्हणून नखें रंगविलेलीं असल्यास तो रंग काढावा. वाळे, साखळी, काळा दोरा, गळ्यांतील क्रूस, हें सर्व घरीं ठेवावें. आपला विश्वास दोऱ्याला बांधलेला नाहीं.

आतां पहिलें सत्य, लेकराशीं. मुलानें रडूं नये म्हणून आपण म्हणतों, "चल, मामाच्या गांवीं जाऊं," आणि त्यास दवाखान्याच्या दारीं उतरवितों. "सुई मुळींच नाहीं," असें म्हणतों, आणि घटकाभरानें सुई टोंचते. त्या दिवशीं रडणें थांबतें, परंतु आईबापांच्या शब्दावरील भरंवसा उडतो, आणि पुढच्या वेळीं तें मूल खऱ्यालाही खोटें मानतें. तीनचार वर्षांच्या मुलास आदल्या दिवशीं सांगावें. मोठ्यास कांहीं दिवस अगोदर. शब्द थोडे व सोपे असावेत : कोठें जावयाचें, कशासाठीं, काय टोंचेल, काय टोंचणार नाहीं, आणि आपण कोठें असूं.

येथें एक गोष्ट आपल्या ख्रिस्ती घरांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. आपल्यांत कोणी वारलें म्हणजे आपण म्हणतों, अमका प्रभूमध्यें झोंपीं गेला. हे शब्द आपल्या आशेचे आहेत व ते गोड आहेत. पण लहान मुलानें काय पाहिलें? आजी झोंपीं गेली, लोकांनीं तिला उचलून नेलें, आणि ती परत आली नाहीं. त्याच मुलास आपण म्हणालों, "डॉक्टर तुला झोंपवतील," तर त्याच्या मनांत काय येईल? म्हणून स्पष्ट सांगावें : "बाळा, ही औषधाची झोंप आहे. औषध उतरलें कीं तूं जागा होशील. डॉक्टर तुझ्याजवळ बसून असतील, आणि तूं उठशील तेव्हां मी येईन." रुग्णालयाचा नियम काय आहे तें अगोदर विचारून घ्यावें, आणि जें पाळतां येईल तेंच वचन द्यावें. याईराच्या घरीं प्रभूनें झोंप हा शब्द काढिला तेव्हां लोक हंसले. परंतु प्रभूनें त्या मुलीचा हात धरिला व तिच्याच घरच्या बोलीत तिला हांक मारिली. आपल्या लेकरासही त्याच्याच बोलीत सांगा. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांत तर अवश्य.

दुसरी गोष्ट अन्नाची. त्या मुलीला खावयास द्या, असें प्रभूनें सांगितलें, परंतु ती उठून चालूं लागल्यावर. हा क्रम लक्षांत ठेवा : आधीं जागें होणें, मग खाणें. आपण जागे असतां अन्नाचा कण भलतीकडे गेला तर ठसका लागून तो बाहेर येतो. गुंगींत हा ठसका मंदावतो. मग पोटांतील अन्न वर येऊन श्वासनळींत उतरतें आणि फुप्फुसास अपाय करितें, क्वचित् जीवावरही बेततें. म्हणून साधारण नियम असा आहे : हलकें जेवण आणि गाईम्हशीचें किंवा डब्याचें दूध ६ तास अगोदर बंद, तळलेलें व जड अन्न ८ तास अगोदर, आईचें दूध ४ तास अगोदर, निवळ पाणी २ तास अगोदर. दुधाचा चहा दुधांतच मोजावा. तुमच्या डॉक्टरांनीं सांगितलेली वेळ याहून निराळी असेल तर तीच पाळावी, व ती कागदावर लिहून घ्यावी.

हा कांहीं पुण्याचा उपास नव्हे. त्यानें देव अधिक प्रसन्न होत नाहीं आणि कोणाचा नवस फिटत नाहीं. आईनें तर लेकरासाठीं उपाशी राहूंच नये. तिला दिवसभर उभें राहावयाचें व मुलाला उचलावयाचें आहे. पण पहांटे मूल भुकेनें रडूं लागतें, आणि आजीच्या पदराच्या गांठींतून हळूच एक बिस्किट निघतें. तें प्रेमच आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्या एका सकाळीं न देणें हेंच मोठें प्रेम होय. आणि दिलें गेलेंच, तर लपवूं नका. मजुरी बुडाली, वरोऱ्याहून नागपुरास जाण्याचें भाडें पडलें, आतां डॉक्टर तारीख पुढें ढकलतील, या भीतीनें जीभ अडखळते. गरिबाला एका दिवसाची मजुरी म्हणजे काय, हें परमेश्वर जाणतो. तरी दिवस पुन्हां येईल. ढकललेली तारीख ही शिक्षा नव्हे, ती मुलाची राखण आहे.

तिसरें सत्य, डॉक्टरांशीं. याच अध्यायांत, याईराच्या वाटेवरच, बारा वर्षें दुखणें सोसलेली एक स्त्री भेटते. ती बरी झाली, तरी प्रभूनें तिला गुपचूप जाऊं दिलें नाहीं. ती कांपत पुढें आली व तिनें सर्व कांहीं खरें सांगितलें, तेव्हां प्रभूनें तिला शांतीनें पाठविलें. आपणही सर्व सांगावें. मुलाला ताप, खोकला, सर्दी आहे काय, किंवा गेल्या कांहीं आठवड्यांत होती काय? त्याला कोणतें औषध सोसत नाहीं? रात्रीं फार घोरतें काय? दांत हलतो आहे काय? घरांत कोणाला भुलीनें त्रास झाला होता काय? वैदूचा झाडपाला चालू असेल तर तोही सांगावा. मुलाचें वजन करवून घ्यावें, कारण औषधाचें माप वजनावर ठरतें.

आणि सिकलसेल. आपल्या विदर्भांत, विशेषतः आदिवासी व दलित घरांत, हा रक्ताचा आजार आढळतो. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या होतात व लहान रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, तहान व अपुरा श्वास यांनीं ही पीडा उसळते. डॉक्टरांस अगोदर कळलें तर ते मुलाला ऊबदार ठेवितात, शिरेंतून पाणी देतात व प्राणवायूवर अधिक लक्ष ठेवितात. न कळलें तर धोका वाढतो. अशा मुलाला उगाच लांबवर तहानलेलें ठेवूं नये, पाणी केव्हांपर्यंत चालेल तें विचारावें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान सुरू झालें, आणि तपासणी होऊन लोकांस कार्डें मिळूं लागलीं. पण कित्येक घरीं तें कार्ड पेटीच्या तळाशीं जातें. कां? पुढें मुलीचें लग्न जमणार नाहीं म्हणून! बंधुजनहो, ज्या लग्नाची आज चिंता वाहतां, त्या लग्नापर्यंत लेकरूं सुखरूप पोहोंचावें म्हणूनच तें कार्ड डॉक्टरांच्या हातीं द्या. आजार आईबापांकडून रक्तांतून येतो. तो पाप नव्हे व कलंकही नव्हे.

संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं तो वाचवून घ्यावा. नुसती गुंगी कीं पूर्ण भूल, मुलाजवळ कोण राहील, घरीं केव्हां सोडतील, हें विचारण्यांत कोणाचा अपमान नाहीं.

प्रभूनें रडणाऱ्यांची गर्दी बाहेर काढिली आणि आईबापांस आंत घेतलें. मंडळीनें यांतून आपलें काम ओळखावें. दवाखान्याच्या ओसरीवर दहा जणांनीं हंबरडा फोडणें ही मदत नव्हे. घरीं राहिलेलीं मुलें सांभाळणें, बैलांना वैरण घालणें, भाड्यास चार रुपये जमविणें, ही मदत आहे. मुलाबरोबर दोन मोठीं माणसें असावींत : परततांना एकानें वाहन पाहावें, दुसऱ्यानें मुलाकडे पाहावें. पेंगणाऱ्या मुलाची हनुवटी छातीवर पडूं देऊं नये, त्यानें श्वास कोंडतो. निजवावयाचें तर कुशीवर निजवावें. प्रथम घोटभर पाणी, मग हलकें अन्न. थोडें चिडणें, रडणें, एखादी उलटी होणें हें घडतें. परंतु मूल हांक मारून जागें होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास ओढून घ्यावा लागत असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, तर सकाळची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालय गांठावें. उपदेशक बंधूंनीं हीं चार लक्षणें मंडळीस तोंडपाठ करवावींत.

शेवटीं देवासमोरील सत्य. प्रार्थना केली म्हणजे कांहींच विपरीत होणार नाहीं, असें वचन मी तुम्हांस देऊं शकत नाहीं. निरोगी मुलास हा धोका थोडा असतो, पण शून्य नसतो. आणि आजारी मुलास तो अधिक असूं शकतो. कांहीं विपरीत झालें तर अमक्याचा विश्वास कमी पडला, असें बोलण्याचा अधिकार कोणास नाहीं. आपलें वचन इतकेंच आहे कीं, डॉक्टरांचा हात आहे, आपला हात आहे, आणि त्या दोन्ही हातांच्या खालीं प्रभूचा हात आहे. दार बंद झाल्यावर आईबापांस आंत जातां येत नाहीं. तो मात्र आंत असतो, आणि बाहेर बांकावर बसलेल्या आईपाशींही असतो.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या लेकरांस औषधाची झोंप लागेल तेव्हां तूं जागा राहा. त्यांची सेवा करणाऱ्यांच्या हातांस स्थिरता व डोळ्यांस सावधपणा दे. आम्हांस खरें बोलण्याचें धैर्य दे, आणि त्यांच्या जागें होण्याची वाट पाहण्याचा धीर दे. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.