ऐकणे आणि ओळखणे

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानांवर आलेले ग्रहण करणे हा एक, आणि दुसऱ्याच्या म्हणण्यापुढे आपले म्हणणे मागे घेणे हा दुसरा. 'पोरगं माझं ऐकत नाही' अशी तक्रार करणाऱ्या आईला पोराच्या कानांविषयी काडीचीही शंका नसते. गाणे ऐकण्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात पहिल्या अर्थाचाच विचार फार. कान तयार कसा करावा, हे पुष्कळजण सांगतात. तो तयार झालेला कान माणसाला अधिक चांगला करतो की केवळ अधिक चोखंदळ, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मला तो टाळता येत नाही.

'तानसेन नाही तर निदान कानसेन तरी व्हावे', असे आपण सहज म्हणून जातो. जणू कानसेन होणे ही नापासांची सोय आहे! वस्तुतः नवविधा भक्तीतही श्रवण पहिले आणि कीर्तन नंतरचे. दुसऱ्या बाजूला, 'आम्हांला त्यातले शास्त्र कळत नाही, आनंद मात्र होतो' असे सांगणारी मंडळी असतात. या उद्गारातली नम्रता मला कधीच पुरती खरी वाटलेली नाही. स्वयंपाकातले काही कळत नाही म्हणणारा गृहस्थ आमटीत मीठ कमी पडले की पहिल्या घासाला बोलतो. कळून घेण्याचे कष्ट नकोत, एवढाच पुष्कळदा त्या नम्रतेचा अर्थ असतो.

हे कष्ट म्हणजे तरी काय? एक साधा प्रयोग सांगतो. सुरात लागलेला तंबोरा कोणाकडून तरी छेडवून घ्यावा. हल्ली तो यंत्रातूनही वाजतो आणि नाइलाज असेल तर तोही चालेल, पण खऱ्या लाकडाची सर त्याला नाही. दुसरे काहीही न करता पाव तास बसावे. तारा चार: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. पहिली पाच मिनिटे आपल्याला आपलेच विचार ऐकू येतात. मग तारा वेगळ्या होतात. आणि मग, जवारी नीट असेल तर, खर्जाच्या पोटातून एक गंधार हळूच वर येतो. गंधाराची तार तर तंबोऱ्याला नाही! खर्जाची तार अख्खी कंप पावते तशीच ती आपल्या दोन, तीन, चार, पाच भागांतही कंप पावत असते, आणि त्या पाचव्या कंपनातून दोन सप्तके वरचा गंधार उमटतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. एका सप्तकाचे १२०० सारखे भाग कल्पिले तर हा गंधार सुमारे ३८६ वर पडतो, आणि आपल्या पेटीचा ४०० वर. एकदा हा फरक कानाने पाहिला की पेटीचा गंधार जरा चढाच वाटू लागतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती पुढे उठलीही. त्या भांडणात मी तूर्त शिरत नाही. मला नवल वाटते ते याचे, की तो गंधार जन्मभर आपल्यासमोर वाजत होता. तो कोणी लपवला नव्हता. आपण गप्प नव्हतो, इतकेच.

म्हणजे कान तयार करणे ही मुळात गप्प होण्याची, म्हणजे दुसऱ्या अर्थाने 'ऐकण्याची' गोष्ट आहे. भूप आणि देशकार पाहा. सा रे ग प ध हेच पाच स्वर दोघांचे. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गंधारावर विसावतो आणि देशकार सकाळी धैवताभोवती घोटाळतो. स्वर मोजणाऱ्याला दोन्ही एकच. गाणारा कुठे थांबतो, कुठून निसटतो, कशाला नुसता स्पर्श करतो, हे त्याच्या मागे मागे जाणाऱ्यालाच कळते. भातखंड्यांनी दहा थाट मांडले, घराण्यांत कुलुपबंद राहिलेल्या चिजा स्वरलिपीत छापल्या, हे उपकार फार मोठे. आपण मात्र त्यांचा उपयोग रेल्वेच्या वेळापत्रकासारखा करतो. मैफलीत गवयाचा षड्ज स्थिर होतो न होतो तोच शेजाऱ्याच्या कानात रागाचे नाव सांगणारे सद्गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. नाव सांगून झाले की ते घड्याळ पाहतात. त्यांनी ओळखले, आता ऐकायचे काय राहिले?

पण इथवर नुकसान त्यांचे एकट्याचेच. खरा प्रश्न पुढेच आहे.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी गणपतीच्या आरतीत एकाच वेळी पाच पट्ट्या चालतात. त्यांत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मोठ्याने गात असे. एका वर्षी तिचे काका आले होते. माणूस गाण्यातला जाणकार. ते बोलले काहीच नाहीत. पोरीचा वरचा सूर उतरला तेव्हा त्यांच्या कपाळाला फक्त एक आठी पडली, आणि ती तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने झांजा हातात घेतल्या आणि तोंड मिटले.

काकांना चूक ऐकू आली ती खरीच होती; सूर उतरलेला होता. तयार कानामुळे माणूस निष्ठुर होतो असे म्हणावे, तर मला ते पटत नाही. त्यांना जे ऐकू आले नाही ते मला महत्त्वाचे वाटते. ती मुलगी प्रत्येक कडव्याला त्या सुराकडे थोडी अधिक चढत होती. तिसऱ्या कडव्याला जवळजवळ पोचली होती. हे ऐकायला त्यांच्याहून कमी तयार कान पुरला नसता, अधिक तयारच लागला असता. बालगंधर्व (१८८८–१९६७) उतारवयात, आवाज थकल्यावरही गात राहिले, आणि लोक त्यांना ऐकायला येत राहिले. त्यात गतकाळाची हळहळ पुष्कळ असेल. पण काही श्रोते असे असणार, की त्या थकलेल्या आवाजाला जिथे जायचे आहे ती जागा त्यांना स्वच्छ ऐकू येत होती.

यंदाही त्या मुलीच्या हातात झांजाच होत्या. ठेका मात्र पक्का धरते.