डिट्कोच्या जगात माफी नाही

1962मध्ये चित्रकार स्टीव्ह डिट्को आणि लेखक स्टॅन ली यांनी कॉमिक्समधला स्पायडर-मॅन घडवला. नायकाने चोराला जाऊ दिलं आणि त्यानेच काकांचा जीव घेतला. याच अपराधी भावनेवर पुढे अख्खे चित्रपट उभे राहिले.

डिट्को मात्र लेखिका आयन रँडच्या विचारांनी भारलेला: चांगल्या-वाईटात तडजोड नाही. 1966मध्ये ऐन भरात त्याने स्पायडर-मॅनची प्रकाशक कंपनी मार्व्हल सोडली आणि पुढच्याच वर्षी ‘मिस्टर ए’ हा नायक आणला: पांढरा सूट, पोलादी मुखवटा, हातात अर्धं पांढरं, अर्धं काळं कार्ड. करडं काही नाहीच! पहिल्याच गोष्टीत खुनी उंचावर लोंबकळत गयावया करतो. मिस्टर ए त्याला वाचवत नाही. तो पडतो.

मग अपराध्यावरची दया हा बळीवरचा अन्याय म्हणायचा? डिट्कोचं उत्तर ठाम होतं: होय. तर्क बिनतोड वाटतो, पण माणूस बदलू शकतो याचा हिशेबच त्यात नाही.

2007च्या ‘स्पायडर-मॅन 3’मध्ये नायक काकांच्या मारेकऱ्याला माफ करतो. या चित्रपटात तो मारेकरी म्हणजे सँडमॅन, डिट्कोच्याच कुंचल्यातून उतरलेला.