खाडा कोणाच्या नावावर?

1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी उभारण्यासाठी कंपनी काढली. बरोबर शंभर वर्षांनी, 1954 मध्ये, अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांचा एक निबंध मँचेस्टरहून प्रसिद्ध झाला आणि विकसनशील देशांतल्या रोजगाराचा विचार बराच काळ त्याच्याच चौकटीत फिरत राहिला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे असतात. कारखाना त्यांना थोडी अधिक मजुरी देऊन ओढून घेतो, नफा पुन्हा गुंतवतो, आणखी माणसे घेतो. शेवटी जादा हात संपतात आणि सगळ्यांचीच मजुरी वाढू लागते, असे त्यांचे म्हणणे. उदाहरणादाखल त्यांनी भारताचेही नाव घेतले होते. या मांडणीत शेत आणि कारखाना हे दोन वेगळे काठ होते, आणि कामगाराने एकदाच नदी ओलांडायची होती.

परळ-लालबागच्या गिरणगावातला माणूस मात्र आयुष्यभर ये-जा करत राहिला. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला कामगार गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा. पहिल्या पाळीचे गडी कामावर गेले की रात्रपाळीवाले त्याच जागेवर आडवे होत. पगार झाला की मनीऑर्डर गावी जाई. बायको-मुले, म्हातारे आईवडील, आजारपण, बाळंतपण हे सगळे गावाकडे. म्हणजे मालक मजुरी देत होता ती एकट्या गड्याच्या पोटापुरती. कुटुंब पोसायचा उरलेला भार कोरडवाहू शेत उचलत होते.

मालकांना आणि साहेबांना हे दिसत होते, पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. हा कामगार मनाने शेतकरीच राहिला, सुगीला पळतो, शिमग्याला पळतो, त्याला यंत्राची शिस्त नाही, अशी ती तक्रार. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाच्या 1931 च्या अहवालाने निदान एवढे मान्य केले की शहर त्याला ओढत नाही, गावची गरिबी ढकलते. आणि गावाचा दुवा तोडू नये, असेही म्हटले. 1965 मध्ये अभ्यासक मॉरिस डी. मॉरिस यांनी मुंबईच्या गिरण्यांचे जुने कागद तपासून दाखवले की माणसांची टंचाई अशी कधी नव्हतीच. बेशिस्त होती ती गिरण्यांच्या कारभारात. पुढे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी आणखी खोल जाऊन सांगितले की गावाचा आधार हा मागासलेपणाचा अवशेष नव्हता. त्या आधारावरच कामगार शहरात तगला, आणि 1928 चा सहा महिन्यांचा संप लढवू शकला.

माणसांची टंचाई नव्हती या दाव्याला पुरावा हवा असेल तर गिरणीच्या फाटकाशी जावे. तिथे रोज सकाळी बदली कामगारांची रांग असे. कायम माणसाचा खाडा पडला तर आत, नाहीतर घरी. कोणाला घ्यायचे ते जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवी, आणि त्याची मर्जी फुकट मिळत नसे. 1935 मध्ये मालकांच्या संघटनेने बदलीची पद्धत आखून दिली: ठरावीक माणसांना कार्ड, त्यांनी रोज हजेरी लावायची, रिकाम्या जागा त्यांनाच. काम मिळण्याची हमी नव्हती, पण रांगेतली जागा निदान नावावर झाली. मग 1946 चा औद्योगिक संबंध कायदा, 1948 चा राज्य विमा, 1952 चा भविष्यनिर्वाह निधी. ‘पक्की नोकरी’ म्हणून आपण जिची आठवण काढतो ती यंत्राबरोबर बोटीतून उतरली नव्हती. गिरणी आल्यावर ऐंशी-नव्वद वर्षांनी, संप आणि कायदे यांच्या रेट्याने ती घडली, आणि तेव्हाही बदलीवाला दाराबाहेरच राहिला.

दाराबाहेर बायाही होत्या. एके काळी गिरणीत साधारण पाच कामगारांत एक बाई असे. पुढे ते प्रमाण घटत नगण्य झाले. पण दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गड्यांची खानावळ चालवणारी बाई कोणत्याच हजेरीपटावर नव्हती. तिच्या वहीत महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी जमा होत. संप झाला की जमेची बाजू कोरी आणि उधारी वाढत जाई. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना बँकेचे कर्ज मिळवून देत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याच सुमारास घाना आणि केनियाच्या अनुभवातून जगभरच्या अभ्यासकांत अशा पटाबाहेरच्या कामासाठी ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही कल्पना रुळत होती.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. पुन्हा गावाने आणि बायांनी घर चालवले. पण या वेळी कापड भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघत होते, आणि मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमानंतर गिरणीच्या जमिनीला साच्यांपेक्षा जास्त भाव आला. श्रीमंत होण्याआधीच कारखाने आटण्याच्या या प्रकाराला अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी पुढे अकाली निरुद्योगीकरण म्हटले.

आज लोअर परळच्या मॉलमधला सुरक्षारक्षक कंत्राटावर आहे आणि दुचाकीवरून जेवण पोचवणारा मुलगा मोबाइलवर ऑर्डरची वाट पाहतो. रांग तीच, फाटक तेवढे दिसत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा मोबाइलवरून काम मिळणाऱ्या कामगारांचा उल्लेख प्रथमच आला. पण उल्लेख म्हणजे हक्क नव्हे, हे बदलीवाल्यांना कार्ड मिळाल्यावरही कळले होते.

म्हणून किती रोजगार निर्माण झाले, हा आकडा मला अपुरा वाटतो. ज्या दिवशी काम नसते त्या दिवसाचा खाडा कोणाच्या नावावर पडतो, हे आधी विचारावे. गिरणगावात तो प्रथम गावाकडच्या शेतावर पडला, मग काही दशके थोडाफार मालकावर आणि सरकारवर. आता तो एकट्या माणसावर पडतो, आणि त्याच्यामागचे गावही पूर्वीसारखे भार उचलण्याजोगे राहिलेले नाही.