दार उघडं ठेवून

आधी बसा. सतरंजीवर, पलंगाच्या कडेला, कुठेही. खोली गिरगावातली असो की लालबागची, पहाटे नळाला पाणी येतं आणि घर जागं होतं, त्या दोहोंच्या मध्ये थोडा वेळ रिकामा सापडतो. तो धरा. डोळे मिटायची घाई नको. कोण कोण अजून झोपलंय ते एकदा पाहून घ्या. मनन त्यांच्याविषयीच आहे.

आता एक आई मनात आणा. लक्ष्मीबाई डोंगरे. पती अनंतशास्त्री यांनी त्यांना संस्कृत शिकवलं, म्हणून शास्त्रीबुवांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. मग दोघं सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिली. तिथे 1858 मध्ये धाकटी मुलगी रमा जन्मली, आणि ती तान्ही असतानाच सगळं बिऱ्हाड तीर्थयात्रेच्या वाटेला लागलं. ना शाळा, ना कायमचं छप्पर. आठव्या वर्षापासून आईच रमेला संस्कृत शिकवू लागली. दिवस कामाचा, म्हणून धडा उजाडायच्या आधी. झोपेने जड झालेल्या पोरीला उचलून घ्यायचं, गोंजारून जागं करायचं आणि श्लोक तोंडी सांगायचा. पुस्तक मध्ये नाहीच.

इथे जरा थांबा. घाईने पुढे वाचू नका. त्या मुलीला आधी काय उमगलं असेल, श्लोकाचा अर्थ की आईचा आवाज? तुम्ही लहानपणी पहिली प्रार्थना ऐकलीत ती कुणाच्या आवाजात? शब्द आठवले नाहीत तरी चालेल.

ख्रिस्ती घराच्या मननात पहिली गुरू म्हणून भागवत पाठ करून घेणारी बाई यावी, हे कुणाला खटकेल. मला खटकत नाही. हीच रमा म्हणजे पुढच्या पंडिता रमाबाई. त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारल्यावरसुद्धा 1887 सालचं आपलं इंग्रजी पुस्तक याच आईच्या स्मृतीला अर्पण केलं.

पुढचं थोडक्यात. दुष्काळात आईवडील गेले. पायी भटकंती झाली, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, लग्न झालं, दीड-दोन वर्षांत वैधव्य आलं. 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे रमाबाई आणि त्यांची चिमुकली लेक मनोरमा, दोघींचा बाप्तिस्मा झाला. मात्र बाप्तिस्मा झाला म्हणून विचार करणं थांबलं नाही. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंच्या बुद्धीला पटेना, आणि तसं त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डीनना, पत्रांतून स्पष्ट कळवलं. मुलीच्या धर्मशिक्षणावरूनही दोघींत खटके उडाले. जे आपल्याला पटलेलं नाही ते आपल्या लेकीच्या गळी कुणी उतरवू नये, असा त्यांचा हट्ट. मनोरमा तेव्हा जेमतेम चार वर्षांची.

हा हट्ट हातात घेऊन बसा. सोपा नाही तो. आपल्याला जे पटलंय तेवढंच मुलाला सांगायचं म्हटलं, तर आपल्यापाशी सांगण्यासारखं किती उरतं? वचनं पाठ आहेत, ‘उपासना संगीत’मधली गीतं चालीसकट येतात. पण त्यातलं कुठलं आपण सोसून, तपासून घेतलंय? एकच निवडा. आजच्या दिवसाला एक पुरे.

आता गिरगाव चौपाटीवर या. 11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी इथे शारदा सदन उघडलं. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या, आणि पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. मुली बहुतेक ब्राह्मण घरांतल्या, त्यांत बालविधवा. रमाबाईंचा शब्द असा की इथे धर्म शिकवला जाणार नाही. जिला जे पाळायचं ते तिने पाळावं. दुसऱ्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. तिथे रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन पवित्र शास्त्र वाचत, प्रार्थना करत. त्या वेळी दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या.

कुणी बोलावलं नव्हतं. कुणी थांबवलंही नाही. 1893 मध्ये याचा बोभाटा झाला, सदनाची रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंनी पाहायचा प्रयत्न करा. आधी रमाबाईंच्या बाजूने. स्वतःच्याच घरात आई आणि लेक देवाचं नाव घेतात, तर दार का लावायचं? मग पालकांच्या बाजूने. ज्या बाईने आपल्या पोरीला पोटाशी धरलं, तिच्या प्रार्थनेकडे ती पोर ओढली जाणारच. मग दार उघडं आहे म्हणजे निवड मोकळी आहे, असं कसं म्हणायचं? मी स्वतः रमाबाईंच्या बाजूचा. तरी पालकांची भीती खोटी होती असं मला म्हणवत नाही. माया हीसुद्धा एक सक्ती असते, आणि ती सगळ्यात उशिरा ओळखू येते.

आता आपल्या खोलीत परत. दहा बाय बाराची असेल तर लावायला आतलं दारच नाही. मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं असेल, पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायची असेल, तर मग आईच गुरुजी, आईच पाळक, आणि भाजीत मीठ कमी पडलं की बोलणीही तिनेच खायची. सगळं एकाच सतरंजीवर. अशा घरात मूल प्रार्थनेपासून उठून जाणार कुठे? फार तर गॅलरीत. आणि गॅलरीत गणपतीच्या दिवसांत शेजारची आरती त्याला प्रभूच्या प्रार्थनेइतकीच पाठ होते. होऊ द्या. रमाबाईंनी भागवत पाठ असतानाच नवा करार वाचला. उतारवयात त्यांनी सगळं पवित्र शास्त्र हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात छापलं गेलं. मनोरमाही 1917 मध्ये बी. ए. झाली. अगोदरच्या पाठांतराने ना आईचं अडलं, ना लेकीचं.

शेवटचं थोडं अवघड आहे. पाठ ताठ करा. समजा, आज वाचनाला बसताना तुमचं मूल म्हणालं, ‘आई, आज नको.’ आजारी नाही, झोप अपुरी नाही, नुसतंच नको. काय उत्तर द्यायचं ते अजून ठरवू नका. त्याआधी तुमच्या मनात पहिल्यांदा काय उठलं ते पाहा. राग? की रविवारी देवळात सासूबाईंना काय सांगायचं ही धाकधूक? त्याच्या तळाशी आणखी एखादी भीती असेल, तर ती त्या मुलासाठी आहे की स्वतःसाठी, एवढं तपासून मगच त्याला हाक मारा.