शिवणाऱ्याची सही

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली आणि शहरात सायकलीचा मान वाढला. त्या शर्यतीत मात्र रसद घेऊन मागे गाड्या असतात. पिशवी लागते ती आपलं ओझं आपणच वाहणाऱ्याला, सायकलवरून पंढरपूर गाठणाऱ्याला. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालणारा वारकरी खांद्यावरच्या पडशीत पुढे-मागे सारखं वजन घालतो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांचं गणितही तेच. फक्त पॅडल मारताना टाच घासू नये म्हणून त्या थोड्या मागे सरकवाव्या लागतात, आणि किती मागे, ते सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही.

अशा पिशव्या घरी एकट्याने शिवून पोट भरायचं कुणी नाशिकमध्ये ठरवलं, तर पहिली कुरकुर मशीनच करील. पट्टा, अस्तर, दुमड असे चार-पाच थर एकावर एक आले, की घरगुती मशीन १८ नंबरची सुई लावूनही टाके सोडतं. वरचं कापडही पुढे ओढणारं भारी मशीन हवं, म्हणजे आधी भांडवल हवं. मग इगतपुरीकडचा पाऊस. कोटिंग केलेलं नायलॉन पाणी अडवतं, पण सुईच्या भोकांचं काय? तिथे आतून टेप लावावी लागते. घट्ट विणीचा सुती कॅनव्हास भिजला की फुगतो आणि ती भोकं बरीचशी स्वतःच बुजवतो. लँकशायरमधल्या नेल्सन गावी १९३२ साली सुरू झालेल्या कॅरडाइस कंपनीचं नाव याच कापडावर झालं. तिथल्या पिशवीच्या लेबलवर शिवणाऱ्याची सही असते.

यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद ठरवलं. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते बनवलं, अशी त्यांची समजूत. (खरा आयझॅक सिंगर एकाच वेळी अनेक संसार थाटणारा गृहस्थ होता.) पण ही मशीनं कारखान्यातच बनणार ना, असं विचारल्यावर ते कारखाने सरकारी मालकीचे असावेत, असं त्यांनी सांगितलं. मजुराची पिळवणूक होऊ नये, हा त्यांचा रोख. एकट्याच्या धंद्यात मजूर आणि शेठ एकच, म्हणून ती टळते असं मला वाटत नाही. उलट इथला शेठ भिडस्त असतो. कापड, बकल, पट्टी यांचे पैसे तो चोख धरतो. कापणी, उसवण, दुसऱ्यांदा घातलेली शिवण सोडून देतो. गिऱ्हाईक म्हणजे रविवारी सोबत सायकल चालवणारे मित्रच, त्यांच्याकडून मजुरी कशी घ्यायची? आणि ‘भद्रकालीच्या बाजारात निम्म्या भावात मिळते’ हे ऐकायचं ते वेगळंच.

मागणी वाढली तर हाताखाली माणूस ठेवावा लागेल. गिऱ्हाईक येणार मालकाच्या नावावर आणि पिशवी शिवणार दुसराच, मग लेबलवर नाव कुणाचं? नेल्सनमध्ये ते ज्याने शिवली त्याचं असतं.